प्रकाशाची भिंत आणि कॅमेऱ्याचा डोळा

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ मधील विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरला. ती घटना आपण पाहिली, असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात आणि ते खोटेही नाही. पण आपण नेमके काय पाहिले? ते अवतरण बाहेरून टिपणारा कॅमेरा चंद्रावर नव्हता. आपण पाहिली ती बंगळूरमधील एका दालनाची भिंत. दूर गेलेल्या यानांशी संदेशांची देवघेव करणारे इस्रोचे जे केंद्र इस्ट्रॅक या नावाने ओळखले जाते, त्याच्या नियंत्रण कक्षात शास्त्रज्ञ रांगेने बसले होते आणि त्यांच्यासमोरच्या मोठमोठ्या दर्शनफलकांवर यानाची उंची, वेग आणि मार्ग यांचे आकडे व आकृती उमटत होत्या. पंतप्रधान त्या दिवशी जोहान्सबर्गला होते; तेही तेथून दूरचित्राद्वारे या सोहळ्यात सहभागी झाले. केवळ यूट्यूबवरच हे प्रक्षेपण एका वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक पाहत होते. दूरदर्शनचे प्रेक्षक निराळेच.

त्याच्या चार वर्षे आधी, ७ सप्टेंबर २०१९ च्या उत्तररात्री, चांद्रयान-२ चे अवतरणही देशाने याच केंद्रातून पाहिले होते. फलकावर नियोजित मार्गाची तांबडी रेषा होती आणि यानाच्या प्रत्यक्ष मार्गाची हिरवी. पाहता पाहता हिरवी रेषा तांबडीपासून ढळली आणि पुढे सरकेनाशी झाली. चंद्रपृष्ठापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे चालले होते, त्यानंतर संपर्क तुटला, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांनी जाहीर केले. परंतु ही घोषणा होण्यापूर्वीच त्या दोन रेषांनी घरोघरी जागत बसलेल्या माणसांना काय ते सांगून टाकले होते.

या दोन प्रसंगांवरून एक गोष्ट ध्यानात येईल. आज अनेक महत्त्वाच्या घटना आपल्यापर्यंत दोन पायऱ्यांनी पोहोचतात. आधी ती घटना एखाद्या भिंतीएवढ्या पडद्यावर उमटते आणि मग तो पडदा कॅमेरा टिपतो. मतमोजणीचे आकडे, वादळाचा नकाशा, पूरनियंत्रण कक्षातील नदीची पातळी, संमेलनाच्या व्यासपीठामागचे दृश्य, क्रिकेटचा धावफलक, ही सारी चित्रांची चित्रे होत. आणि चित्राचे चित्र घेणे हे वाटते तितके सोपे काम नाही. सभागृहात बसलेल्या माणसाला जो पडदा स्वच्छ, स्थिर आणि तेजस्वी दिसतो, तोच कॅमेऱ्यातून पाहिला असता त्यावर काळे पट्टे सरकू लागतात, रंगीत लाटा उठतात, पांढरा रंग निळसर पडतो. पडदा बिघडलेला नसतो आणि कॅमेराही बिघडलेला नसतो. मग हा दोष येतो कोठून? त्याचे उत्तर थोडक्यात असे की, ही भिंत माणसाच्या डोळ्यासाठी बांधलेली असते आणि कॅमेरा हा डोळा नव्हे.

दर्शनभिंती अनेक प्रकारांनी उभारता येतात. पण सभागृहे, स्टुडिओ आणि मैदाने यांत आज सर्वाधिक प्रसार झाला आहे तो एलईडीच्या भिंतीचा. तिची रचना समजून घेण्यास आपल्या घरच्या अंगणापलीकडे जावयास नको. ठिपक्यांची रांगोळी आपण सर्वांनी पाहिली आहे. एलईडीची भिंत ही अशीच ठिपक्यांची रांगोळी होय; फरक इतकाच की येथे ठिपके जोडावयाचे नसतात, ते स्वतःच प्रकाशतात. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन सूक्ष्म दीप असतात आणि त्यांच्या कमीअधिक मिश्रणातून हवा तो रंग साधला जातो. दोन ठिपक्यांमधील अंतराला तंत्रज्ञ पिच म्हणतात. हे अंतर अडीच मिलिमीटर असेल तर एका चौरस मीटरात १,६०,००० ठिपके बसतात, आणि ४.८ मीटर रुंद व २.७ मीटर उंच अशा भिंतीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके आणि ६२ लाखांहून अधिक दीप असतात.

या रांगोळीला तिसरा रंग मिळावयास बराच काळ लागला. डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा दीप अमेरिकेतील निक होलोन्याक यांनी १९६२ साली दाखविला. तेजस्वी निळा दीप मात्र १९९० च्या दशकापर्यंत हाती आला नव्हता. तो साध्य करणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निळ्यावाचून पांढरा नाही आणि पांढऱ्यावाचून चित्र नाही. म्हणून या भिंतींचे युग त्या शोधानंतर सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही.

आता या दीपांचा एक विशेष सांगितला पाहिजे, कारण पुढील साऱ्या अडचणींचे मूळ तेथेच आहे. कंदिलाची वात वरखाली करून आपण त्याचा उजेड कमीजास्त करतो. एलईडीच्या बाबतीत तसे करावे, म्हणजे वीजप्रवाह कमी करावा, तर त्याची रंगछटाही किंचित बदलते. तेव्हा अभियंत्यांनी वेगळी युक्ती काढली. दीप पेटला म्हणजे पूर्ण तेजाने पेटवावयाचा, पण तो किती वेळ पेटता ठेवावयाचा हे ठरवावयाचे. अर्धा वेळ पेटता आणि अर्धा वेळ विझलेला असा दीप जर अतिशय जलद उघडमीट करीत राहिला, तर डोळ्याला तो निम्म्या तेजाचा एकसंध दीप वाटतो. शिवाय लाखो दीपांना स्वतंत्र चालक देणे परवडत नाही. म्हणून एकच चालक अनेक ओळींना पाळीपाळीने सांभाळतो. सोळा ओळींमागे एक चालक असेल, तर कोणत्याही एका क्षणी त्या सोळांपैकी एकच ओळ पेटलेली असते आणि उरलेल्या पंधरा अंधारात असतात. पाळ्यांची ही संपूर्ण फेरी सेकंदाला किती वेळा होते, त्या संख्येला रिफ्रेश रेट म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या भिंतींत ही संख्या ९६०, १९२०, ३८४० किंवा ७६८० अशी आढळते.

म्हणजे जी भिंत आपल्याला अखंड उजळलेली दिसते, ती वस्तुतः बहुतांशी काळोखात असते! आपल्याकडच्या जुन्या वेदान्तग्रंथांत अलातचक्राचा दृष्टान्त येतो. जळते कोलीत गरगर फिरविले की अग्नीचे वर्तुळ दिसते. वास्तविक वर्तुळ कोठेच नसते, एक निखारा फक्त जागा बदलीत असतो. एलईडीची भिंत हे लाखो निखाऱ्यांचे अलातचक्र आहे. डोळ्याला पडलेला ठसा क्षणभर टिकतो, आणि त्या टिकाऊपणावरच हा सारा डोलारा उभा आहे.

कॅमेऱ्याचे तसे नाही. तो सलग पाहत नाही, ठराविक अंतराने पापणी उघडतो आणि मिटतो. आपल्या देशात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे, आणि दूरचित्रवाणीची पद्धतही पूर्वीपासून त्याच मानाने, सेकंदाला २५ पूर्ण चित्रे किंवा ५० अर्धचित्रे अशी, बेतलेली आहे. तदनुसार कॅमेऱ्याचे शटर साधारणतः सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरते उघडे राहते. एवढ्या वेळात भिंतीच्या किती फेऱ्या होतात, हा खरा प्रश्न होय.

थोडे गणित करून पाहू. ते तोंडी करता येण्याजोगे आहे. भिंतीच्या फेऱ्या सेकंदाला १९२० असल्या, तर एक-पन्नासांश सेकंदात ३८.४ फेऱ्या बसतात. म्हणजे काही ओळींच्या वाट्याला ३८ पाळ्या येतील, काहींच्या वाट्याला ३९. अडतिसांत एकाचा फरक म्हणजे शेकडा अडीच-पावणेतीन. तो बहुधा खपून जातो. परंतु सभागृहात उजेड फार आहे म्हणून, किंवा हालचाल स्पष्ट यावी म्हणून, कॅमेरामनने शटर एक-सहस्रांश सेकंदावर नेले की काय होईल? तेवढ्या वेळात १.९२ फेऱ्याच होतील. बहुतेक ओळींना दोन पाळ्या मिळतील, काहींना एकच. आणि ज्यांना एकच मिळाली त्या ओळी निम्म्याच उजळलेल्या दिसतील. पडद्यावरचा काळा पट्टा तो हाच. आता भिंतीचा वेग १९२० ऐवजी २००० असता, तर पन्नासांश सेकंदात बरोबर ४० आणि सहस्रांश सेकंदात बरोबर २ फेऱ्या झाल्या असत्या. बाकी शून्य उरली असती आणि पट्टाही उरला नसता. पट्टा ही भागाकारातील बाकी आहे, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे.

हा पट्टा स्थिर न राहता वर किंवा खाली सरकतो, त्यामागेही कारण आहे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राहक पाटी सबंध चित्र एकदम टिपत नाही. ती वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाक्रमाने पाहत जाते. आपण पुस्तक वाचतो तसे ती दृश्य वाचते. भिंतही ओळीओळीने उजळत असते. दोन वाचक एकच पोथी वेगवेगळ्या गतीने वाचू लागले की ते कधी एकत्र येतात, कधी पुढेमागे होतात. कॅमेरा आणि भिंत यांचेही तसेच होते. प्रत्येक चित्रात बाकी निराळ्या ओळींवर पडत जाते आणि आपल्याला पट्टा चालताना दिसतो.

यात आणखी एक गाठ आहे. भिंतीला चित्र पुरविणारा संगणक सामान्यतः सेकंदाला ६० चित्रे देण्याच्या बेताने आलेला असतो. आपला कॅमेरा ५० च्या हिशेबाने चालतो. कोणी मुद्दाम बदल केला नाही, तर पाच आणि सहा यांची ही विसंगत जोडी तशीच सभागृहात येते. भिंतीवरील हलते चित्र अडखळल्यासारखे दिसते आणि सेकंदाला दहा वेळा येणारी थरथर जाणवू लागते. म्हणून भारतातील प्रक्षेपणासाठी संगणक आणि भिंतीचा नियंत्रक हे दोन्ही प्रथम ५० वर आणणे हे पहिले कर्तव्य होय. पण तेवढ्यानेही भागत नाही. दोन घड्याळे कितीही चांगली असली तरी ती तंतोतंत सारखी चालत नाहीत. एकाचे ५० आणि दुसऱ्याचे ४९.९९ झाले तरी एक बारीक रेषा पडद्यावरून संथपणे रेंगाळत जाते.

त्यावरचा उपाय आपल्या लेझीमच्या आखाड्यात पाहावयास मिळतो. शंभर मुले लेझीम खेळतात, तेव्हा प्रत्येकजण मनाशी मोजून पाऊल टाकीत नाही. हलगीच्या एका ठेक्यावर सारे हात एकदम हलतात. स्टुडिओतही अशीच एक हलगी असते. एक यंत्र ठराविक स्पंदने देत राहते आणि सर्व कॅमेरे, चित्रमिश्रक व भिंतीचा नियंत्रक त्या स्पंदनांना बांधून घेतले जातात. या बांधणीला जेनलॉक म्हणतात. ती झाली की भिंतीच्या फेऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांच्या पूर्ण पटीत येतात आणि बाकी उरत नाही. कॅमेऱ्याची पापणी नेमकी भिंतीवरील चित्र बदलण्याच्या क्षणी उघडत असेल, तर ठेका तोच ठेवून सुरुवात थोडी मागेपुढे करता येते. ज्या कॅमेऱ्यांना अशी बांधणी मिळू शकत नाही, त्यांच्या शटरचा वेग अगदी बारीक टप्प्यांनी बदलून पट्टा नाहीसा होईपर्यंत जुळवून घेता येतो. पूर्वी काचेच्या नळीचे दूरचित्रवाणी संच टिपताना हीच सोय वापरली जात असे.

काळाची अडचण ही अशी सुटते. आता अवकाशाची अडचण पाहू. दोन मच्छरदाण्या एकीवर एक वाळत घातल्या असता त्यांच्या जाळ्यांतून लाटांसारखी नक्षी उमटते आणि वाऱ्याने कापड हलले की ती नक्षी पळू लागते. या नक्षीला पाणीदार रेशमाच्या फ्रेंच नावावरून मुआरे म्हणतात. आणि बारीक रेघांच्या जाळीतील दोष ओळखण्यासाठी तिचा उपयोग होईल, हे लॉर्ड रॅले यांनी १८७४ साली दाखविले होते. भिंतीवरील ठिपके ही एक जाळी आणि कॅमेऱ्याच्या पाटीवरील प्रकाशग्राहक कण ही दुसरी जाळी. वर सांगितलेल्या भिंतीचे १९२० ठिपके कॅमेऱ्याच्या १९०० रकान्यांत सामावले, तर फरक २० चा. आणि चित्रात सुमारे २० रुंद पट्टे उमटतील. कॅमेरा किंचित पुढे सरकला की तो आकडा बदलतो आणि सारी नक्षी वळवळू लागते. पाहणाऱ्याचे लक्ष वक्त्यावरून उडून तिकडे जाते, यात नवल नाही.

यावर उपाय साधे आहेत, मात्र ते प्रयोगापूर्वी योजावे लागतात. दोन्ही जाळ्यांची मापे एकमेकांजवळ येऊ द्यावयाची नाहीत, हा मुख्य नियम. कॅमेरा मागे नेला तर एका रकान्यात अनेक ठिपके मिसळून जातात. फार जवळ नेला तर प्रत्येक ठिपका स्वतंत्र टिपला जातो. अडचण असते ती मधल्या पट्ट्यात. वक्त्याला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे उभे करून भिंगाचा रोख वक्त्यावर ठेवला आणि छिद्र मोठे उघडले, तर मागची भिंत अंमळ धूसर होते आणि तिच्यातील ठिपके एकमेकांत विरघळतात. स्टुडिओतील कॅमेऱ्यांचे भिंग पुष्कळ खोलीपर्यंत सारे स्पष्ट दाखविते, म्हणून हे अंतर सोडणे तेथे विशेष अगत्याचे असते. व्यासपीठ लहान आहे म्हणून वक्त्याची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, की मग कोणताही कॅमेरामन लाटांपासून सुटका करू शकत नाही.

परंतु भिंत धूसर करण्याचा उपाय सर्वत्र चालणार नाही. भिंत केवळ शोभेची असेल तर ठीक. ती वाचावयाची असेल तर कसे? नियंत्रण कक्षातील आकडा धूसर झाला तर त्याचे प्रयोजनच संपले. तेव्हा येथे विवेक हवा. जे वाचावयाचे आहे ते संगणकापासून थेट तारेने चित्रमिश्रकात घ्यावे आणि प्रेक्षकांना तसेच्या तसे दाखवावे. आणि कॅमेऱ्याने टिपावे ते त्या आकड्यांकडे पाहणाऱ्या माणसांचे चेहरे. आकड्याची अचूकता तारेकडे आणि प्रसंगाचे वातावरण कॅमेऱ्याकडे, अशी कामाची वाटणी करणे हे शहाणपणाचे ठरते.

तिसरी अडचण रंगाची. स्टुडिओतील जुन्या धाटणीच्या दिव्यांचा प्रकाश पिवळसर असतो. शास्त्रीय परिमाणात तो ३२०० केल्व्हिनचा. दिवसाच्या उजेडाशी जुळणारे दिवे ५६०० च्या आसपास असतात. भिंतीचा पांढरा मात्र पुष्कळदा ६५०० किंवा त्याहूनही वर, म्हणजे निळ्याकडे झुकलेला असतो. सभागृहातील माणसाचा मेंदू हा फरक आपोआप सावरून घेतो. कॅमेरा तसे करीत नाही. त्याला एकच पांढरा ठरवून द्यावा लागतो. वक्त्याचा चेहरा नैसर्गिक दिसावा म्हणून तो पिवळसर दिव्यांशी जुळविला की मागची भिंत निळी पडते. म्हणून भिंतीचा पांढरा आणि दिव्यांचा पांढरा हे आधी एकमेकांच्या जवळ आणावे लागतात. शिवाय एलईडीचे तिन्ही रंग वर्णपटाच्या अरुंद पट्ट्यांतून येतात आणि कॅमेऱ्याची रंगांची जाण डोळ्यासारखी हुबेहूब नसते. त्यामुळे काही निळ्या-जांभळ्या छटा कॅमेऱ्यात निराळ्याच उतरतात. त्या डोळ्याने पाहून ठरवू नयेत, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून ठरवाव्यात.

तेजाचेही तसेच आहे. उन्हात वाचता यावी म्हणून बनविलेली भिंत बंद दालनात वापरली तर ती वक्त्याला झाकून टाकते. बरे, तिचे तेज फार उतरवावे, तर वर सांगितलेल्या उघडमिटीच्या पद्धतीमुळे पेटण्याचा काळ इतका लहान होतो की फिकट आणि गडद यांमधील पायऱ्याच कमी पडू लागतात. रात्रीच्या आकाशाची हळुवार छटा मग जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटक दिसते. तेव्हा मंद तेजावरही छटा शाबूत राखणारी भिंत निवडणे, हा खरेदीच्या वेळचा प्रश्न आहे. तो प्रयोगाच्या दिवशी सुटत नाही.

सर्वांत कठोर परीक्षा होते ती क्रिकेटच्या मैदानावर. सीमारेषेबाहेर जाहिरातींचे प्रकाशमान फलक असतात आणि चेंडू बॅटची कड घेऊन गेला की नाही हे पाहण्यासाठी अतिशय वेगवान कॅमेरे त्यांच्या दिशेने रोखलेले असतात. सेकंदाला ३०० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या एका चित्राला फार तर एक-तीनशतांश सेकंद मिळतो. तेवढ्यात १९२० च्या भिंतीच्या ६.४ फेऱ्या होतात; काही ओळी सहा वेळा, काही सात वेळा उजळतात आणि फरक थेट सहाव्या हिश्श्यावर जातो. म्हणून संथ गतीने दाखविलेल्या दृश्यात मागचे फलक लुकलुकताना दिसतात. ७६८० च्या भिंतीत हाच आकडा २५.६ होतो आणि दोष पुष्कळ सौम्य होतो.

श्रोतेहो, इतक्या तपशिलात शिरण्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. आज जिल्ह्याजिल्ह्यांतील सभागृहांत, विद्यापीठांत, नाट्यगृहांत आणि आपत्ती नियंत्रण कक्षांत अशा भिंती सार्वजनिक पैशातून उभ्या राहत आहेत. प्रशासनात काम करणाऱ्याला निविदांची भाषा परिचयाची असते. त्यात भिंतीची लांबी-रुंदी, ठिपक्यांमधील अंतर, तेज आणि हमीची वर्षे एवढे लिहिले की काम झाले असे समजण्याकडे कल असतो. आणि मग सर्वांत कमी दराची भिंत रीतसर विकत घेतली जाते. उद्घाटनाच्या दिवशी सभागृहातील पाहुणे तिची वाखाणणी करतात आणि त्याच वेळी घरी बसलेल्या प्रेक्षकाला मान्यवरांच्या मागे काळे पट्टे धावताना दिसतात. कागदावर कोणतीही त्रुटी नसते, कारण ही भिंत कॅमेऱ्यासमोर उभी राहणार आहे हे कागदावर कोठे लिहिलेलेच नसते.

ते लिहिणे अवघड नाही. रिफ्रेश रेट किमान किती हवा, भिंत ५० च्या मानाने चालेल काय, जेनलॉकची सोय आहे काय, तेज उतरविल्यावर छटा टिकतात काय आणि पांढरा रंग हवा तसा बदलता येतो काय, एवढे पाच प्रश्न निविदेत घातले तर पुष्कळ मनस्ताप वाचेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भिंत ताब्यात घेण्यापूर्वी तिची परीक्षा डोळ्याने न करता कॅमेऱ्याने करावी. भिंतीवर एकसारखा करडा रंग लावावा, कॅमेऱ्याचे शटर पन्नासांश सेकंदापासून सहस्रांश सेकंदापर्यंत पायरीपायरीने बदलावे, कॅमेरा पुढेमागे न्यावा आणि काय दिसते ते नोंदवावे. करडा रंग अशासाठी की पट्टे झगझगीत चित्रात लपतात, करड्यात लपत नाहीत. मोठा कॅमेरा उपलब्ध नसेल तर शटरचा वेग हाताने ठरविता येणाऱ्या मोबाइलनेही प्राथमिक कल्पना येते. अर्ध्या तासाचे हे काम असते.

या खटाटोपाचे मूल्य कोणत्या दिवशी कळेल हे आधी सांगता येत नाही. एरवीच्या समारंभात पट्टा दिसला तर तो केवळ डोळ्यांना खुपतो. पण पुराच्या रात्री नियंत्रण कक्षातील नकाशा सारा जिल्हा पाहत असतो. अशा वेळी नकाशावरून सरकणारा काळा पट्टा हा पावसाचा ढग, यंत्रातील बिघाड की कॅमेऱ्याची करामत, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? चांद्रयान-२ च्या रात्री साऱ्या देशाने एक तांबडी आणि एक हिरवी रेषा पाहून आपल्या मनाशी निर्णय केला आणि तो निर्णय बरोबर होता, कारण दोन्ही रेषा जशा होत्या तशा त्याच्यापर्यंत पोहोचल्या. बातमी सुखाची असो की दुःखाची, ती जशी आहे तशी पोहोचणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. भिंत आणि कॅमेरा यांचा ठेका वेळेवर जुळवून ठेवणारा, पडद्यावर ज्याचे नाव कधी येत नाही असा तंत्रज्ञ, तो हक्क सांभाळीत असतो. त्याला त्यासाठी एक चांगली भिंत आणि प्रसंगापूर्वीचा थोडा वेळ, एवढेच हवे असते. आणि ते दोन्ही देणे आपल्या हाती आहे.